कडी कोणी काढली?

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत चार टेबलं होती आणि चारही टेबलांवर माणसं वाचत बसलेली असायची. बाहेरच्या कोणालाही वाटावं, काय मजेची नोकरी आहे, दिवसभर गोष्टी वाचायच्या आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा. सव्वीस वर्षांपूर्वी तिलाही तसंच वाटलं होतं. आता पटकथेचा नवा गठ्ठा समोर आला की तिचा हात आधी आखडलेल्या मानेकडे जायचा आणि मग डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीकडे.

सिनेमे काढणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही, तोंडावर ‘ताई’. पण एकदा लिफ्टमध्ये दोन पोरी तिच्या पाठीमागे उभ्या होत्या आणि त्यातली एक दुसरीला म्हणाली, “चाळणीबाईकडे गेली ना तुझी गोष्ट? मग विसर.” तेव्हापासून तिला आपलं नाव ठाऊक झालं. रागबिग आला नाही. नावं ठेवणाऱ्यांनी निदान काम बघून ठेवलं, एवढंच तिला वाटलं.

काम असं होतं. कंपनीकडे आलेल्या पटकथेचं पहिलं पान, ज्यावर लेखकाचं नाव आणि पत्ता असे, ते खाली कचेरीतच फाडून घेत आणि त्या जागी नुसता आकडा चिकटवत. वाचणाऱ्याला लेखक कळू नये आणि लेखकाला वाचणारा, म्हणजे वशिल्याचा प्रश्न मिटला. तरीही वाचताना लेखक ओळखीचा आहे अशी शंका आलीच, तर गठ्ठ्यावर ‘ओळखीचं’ अशी चिठ्ठी लावून तो परत करायचा, की दुसरं कोणीतरी वाचे. सव्वीस वर्षांत चाळणीबाईने अशा दोनच चिठ्ठ्या लावल्या होत्या. तिच्या ओळखीच्या माणसांत लिहिणारे फारसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिच्या ओळखीची माणसंच फारशी नव्हती.

वाचून झालं की एक कागद भरायचा. त्यावर सात चौकोन. घर, घर सुटण्याचं कारण, वाट, सोबती, सगळ्यात खोल खड्डा, परतणं, शेवट. त्याखाली एक ओळ, घ्यावी की घेऊ नये. चौकोनांची ही नावं तिनेच पाडलेली. आधी त्या जागी मोठमोठे शब्द होते, ते कोणालाच कळत नसत आणि सगळे जण कळल्यासारखं दाखवत. तिने एका दुपारी कंटाळून सगळे बदलून टाकले आणि गंमत म्हणजे कोणाचीच तक्रार आली नाही.

त्या दिवशी विभागाची मुख्य तिच्या टेबलाशी आली. वयाने वीस वर्षांनी लहान, चालताना सतत फोनमध्ये बघणारी, पण मनाने बरी.

“ताई, हे तीनशे अठरा. कुत्र्यांचं आहे. लहानमोठ्यांनी एकत्र बघायचं साहस वगैरे. उद्या दुपारपर्यंत झालं तर बरं, वरून दोनदा विचारून झालंय.”

“ठेव.”

“तुम्हाला बरं नाहीये का?”

“बरंच आहे. हा माझा नेहमीचा चेहरा.”

मुख्य हसली आणि गेली. चाळणीबाईने थेंब घातले, दोन मिनिटं डोळे मिटून बसली आणि गठ्ठा पुढे ओढला.

कुत्र्यांच्या सिनेमांबद्दल तिची मतं पक्की होती, कारण दरवर्षी सात-आठ तरी तिच्या वाट्याला येत. सुट्टीत पोराबाळांना घेऊन आईबाप थेटरात जाऊन बसतील असं काहीतरी हवं झालं की कंपनीला कुत्रा आठवे. तिचं म्हणणं असं की कुत्र्याच्या सिनेमात कुत्रा कधी बदलत नाही. पहिल्या पानावर तो जसा असतो तसाच शेवटच्या पानावर असतो, फार तर एखादा पाय लंगडा. बदलायचं असतं माणसांनी, कुत्र्याने फक्त चालायचं. आणि त्याला चालायला लावायचं तर पहिल्या वीस पानांत कोणीतरी चूक करावी लागते. ती कुत्र्याला करून चालत नाही, कारण कुत्र्याने काही चुकीचं केलं की लोक हसतात आणि सोडून देतात. म्हणून चूक माणसाचीच. कोणी घर बदलताना त्याला विसरतं, कोणी रागाच्या भरात हाकलतं, कोणी देऊन टाकतं. चूक जेवढी मोठी, तेवढी वाट लांब. नव्याने आलेल्या वाचणाऱ्यांना ती हे एकदाच सांगायची आणि पुन्हा विचारलं तर वैतागायची.

तीनशे अठराची गोष्ट साधी होती. गल्लीच्या टोकाला एक घर, घरात आई, बाप, मोठा मुलगा, धाकटी मुलगी आणि टिल्लू नावाचा पिवळट कुत्रा. सतराव्या पानावर कुत्रा नाहीसा होतो. बराच लांब एका दगडाच्या खाणीपाशी तो भटकताना दिसतो, तिथे त्याला एक आंधळी म्हातारी कुत्री भेटते आणि दोघं मिळून घराकडे निघतात. लाकडाच्या वखारी, कालवा, एक चांगला लॉरीवाला, एक वाईट लॉरीवाला. म्हातारी कालव्यात पडते तो सगळ्यात खोल खड्डा. ती जिवंत राहते, हे म्हातारी पडण्याआधी दोन पानं चाळणीबाईला कळलं होतं. शेवटी टिल्लू गल्लीत शिरतो, धाकटी धावत येते, त्याच्या गळ्यात पडते, संपलं.

लेखक नवखा होता पण आळशी नव्हता. एक खोड मात्र विचित्र होती. त्याला मापं दिल्याशिवाय राहवत नसे. कालवा अकरा फूट रुंद, वखारीची भिंत सात फूट, खाण घरापासून एकतीस किलोमीटर. पटकथेत अशी मापं कोणी देत नाही. चौथ्या पानावर तर घराच्या मागच्या अंगणाचं उंच लाकडी दार आणि त्याची कडी जमिनीपासून साडेपाच फुटांवर, कारण खालची कडी कुत्रा उडी मारून नाकाने सरकवायचा. इतकी बारीक तजवीज करणारा माणूस सतराव्या पानावर एवढंच लिहून मोकळा झाला होता, ‘दार उघडं. अंगण रिकामं.’

चाळणीबाईने पेन उघडलं आणि दुसऱ्या चौकोनात, म्हणजे घर सुटण्याच्या कारणात, लिहिलं, ‘कारण दिलेलं नाही. कडी कुत्र्याला पोचू नये म्हणून लेखकाने ती स्वतःच साडेपाच फुटांवर बसवली आहे. मग दार उघडलं कसं? कडी कोणी काढली?’ शेवटच्या प्रश्नाखाली सवयीने रेघ मारली. गोष्टीतलं मोठं भोक सापडलं की पूर्वी तिला जरा बरं वाटायचं. हल्ली फक्त घड्याळाकडे लक्ष जायचं.

सोबत्यांचा चौकोन भरण्यासाठी तिने चांगल्या लॉरीवाल्याचं पान पुन्हा काढलं. लॉरीवाला रात्रभर दोन्ही कुत्र्यांना आसरा देतो आणि सकाळी निघायला लागतो, तर त्याचा डावा बूट नाही. टिल्लू तो घेऊन चाकाखाली बसलेला. लेखकाने लिहिलं होतं, ‘टिल्लूची जुनी सवय. घरातून कोणी निघालं की तो डावा बूट पळवतो. उजव्याला तोंड लावत नाही.’

ते तिने दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

मग ती चौथ्या पानावर परत गेली. तिथे कडीबद्दल आणखी अर्धी ओळ होती, पहिल्या वेळी तिच्या थकल्या डोळ्यांनी ती गिळून टाकली होती. ‘कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, वाजू नये म्हणून.’ तिचे वडील छापखान्यात रात्रपाळी करत आणि दिवसा झोपत. मागच्या दाराची कडी वाजली की ते ओरडत उठत, म्हणून तिच्या भावाने कडीला ट्यूब गुंडाळली होती. आणि त्यांच्या कुत्र्याचं नाव मिशा होतं, नाकाखाली काळा पट्टा होता म्हणून. मिशा डावा बूट पळवायचा. उजव्याला तोंड लावत नसे.

मापांचं कोडंही मग सुटलं. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. ‘जवळच आहे’ असं तो आयुष्यात कधी म्हणाला नाही, ‘तीनशे दहा मीटर’ म्हणायचा. तो लिहितो हे तिला ठाऊक नव्हतं. वाढदिवसाला दोन ओळी लिहायच्या तरी तो पेनाचं टोपण चावत बसे.

आता इथे तिने चिठ्ठी लावून गठ्ठा परत करायला हवा होता. नियम तिलाच सगळ्यात चांगला पाठ होता. तिने चिठ्ठी काढलीही, आणि टेबलावर तशीच ठेवून दिली. कारण दुसऱ्या चौकोनातला तिचा स्वतःचाच प्रश्न तिच्याकडे बघत होता, आणि त्याचं उत्तर अठ्ठेचाळीस वर्षं तिला माहीत होतं. कडी तिने काढली होती. मिशा तिच्यामुळे गेला होता.

ती सहा वर्षांची होती. एका रविवारी दुपारी बाहेर खेळून आली, आईच्या कुशीत झोपली, उठली तर मागचं दार सताड उघडं आणि मिशा नाही. दार उघडून कोण देतं आणि लावून कोण घेतं, याकडे त्या वयात कोणाचं लक्ष असतं? तिला एवढंच आठवत होतं की त्या दाराने आत आलेली शेवटची आपण. ती दारात उभी राहून रडली की मीच दार उघडं ठेवलं, मीच ठेवलं. कोणी तिला मारलं नाही, कोणी रागावलंही नाही. सगळे फार गोड वागले. एक-दीड वर्षात ते घर सुटलं आणि ते दार तिने पुन्हा पाहिलं नाही.

पण गोष्ट घरात राहिली. आई हसत म्हणायची, “दार लाव गं बाई, तुझं काही खरं नाही.” पाहुण्यांना सांगायची, “ही आमची विसरभोळी.” त्यात दुष्टावा काही नव्हता, घराघरांत प्रत्येकावर एकेक शिक्का बसतो तसा हिच्यावर हा बसला. किल्ल्या दादाकडे, आजारपणात औषधांच्या वेळा दादाकडे, कपाट दादाकडे. तिलाही ते पटलेलं होतं, हाच खरा घोळ. एका मैत्रिणीने तान्हं मूल दोन तास सांभाळायला मागितलं तर तिने तोंडावर नाही म्हटलं आणि ती मैत्री तिथेच आटली. लग्नाचं विचारायला आलेला माणूस चांगला होता. आपल्या हातून त्याचं काहीतरी हरवेल असं वाटून तिने तोही विषय लांबवत नेला, शेवटी त्याने तो स्वतःच मिटवला. कुत्रा तर सोडाच, कुंडीतलं झाडही तिने कधी आणलं नाही. आणि मग नोकरी कुठली मिळावी, तर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची. त्यात मात्र ती अशी पटाईत निघाली की सव्वीस वर्षांत तिच्या नजरेतून काही सुटलं नाही.

साडेपाच फूट.

ती उठली आणि खाली दुसऱ्या मजल्यावर गेली. गुडघे दुखत होते म्हणून एकेक पायरी करत. तिथे कंपनीचा कपडेपट होता, आणि त्यात एक म्हातारे शिंपीमास्तर गळ्यात टेप अडकवून बसलेले असत. नटनट्यांच्या सगळ्या मापांची त्यांच्याकडे वही होती आणि मुलांसाठी भिंतीवर वयाप्रमाणे एक तक्ता.

“मास्तर, सहा वर्षांची मुलगी किती उंच असते?”

“तीन फूट नऊ. उंच घरातली असली तर दहा.” मास्तरांनी वर न बघता सांगितलं.

“आणि हात वर केला तर?”

आता त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कुठवर?”

“जितका जाईल तितका.”

“चार फूट आठ धरा. टाचा उचलल्या तर वरती दोन इंच. का हो, मुलगी काय काढतेय? फळीवरचा डबा?”

“कडी.”

“केवढ्यावर आहे?”

“साडेपाच.”

मास्तर हसले. “मग नाही हो पोचत. आठ इंच कमी पडतात. तुमच्या लेखकाला सांगा, एकतर कडी खाली घे नाहीतर मुलगी मोठी घे.”

ती बरं म्हणाली. जिन्यात आल्यावर कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. वर जाणाऱ्या एका पोराने विचारलं, “ताई, पाणी आणू?” तिने मानेनेच नको म्हटलं. आठ इंच. इतकी वर्षं ज्या दारापाशी ती मनातल्या मनात हजार वेळा जाऊन आली होती, त्या दाराच्या कडीपर्यंत आपला हात पोचत होता का, हे तिने एकदाही तपासलं नव्हतं. दुसऱ्याच्या गोष्टीत हे भोक तिला दहा मिनिटांत दिसलं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि मग तीही वाटेनाशी झाली, इतकी ती दमली होती.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गठ्ठा पिशवीत घालून निघाली. पटकथा इमारतीबाहेर न्यायची नाही हाही एक नियम होता. त्या दिवशी नियमांचे असेच हाल चालले होते.

दादा घरी एकटाच होता, वहिनी लेकीकडे गेली होती. त्याने दार उघडलं, तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि काही न विचारता चहा टाकायला आत गेला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पटकथेची दुसरी प्रत पसरलेली होती, कडेला पट्टी आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. साठ वर्षांचा माणूस, केस पार गेलेले, पेन्सिली मात्र अजून शाळेच्या पोरासारख्या ओळीत लावतो.

“तुझ्याकडेच आलं म्हणजे,” तो गॅसकडे बघत म्हणाला.

“माझ्याकडे येईल असं वाटलं होतं तुला?”

“चार जण वाचता ना तुम्ही. म्हटलं, येईलही, नाही पण येणार.” त्याने पातेल्यात चहापत्ती टाकली. “आलं तर बघू, म्हटलं.”

“दादा, कडी कोणी काढली?”

त्याने साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. चहा पार बासुंदी होणार हे तिला दिसत होतं.

“बाबांनी,” तो म्हणाला.

ती खुर्चीवर बसली.

“घरमालकाने सांगितलं होतं, कुत्रा तरी ठेवा नाहीतर घर तरी. महिनाभर चालू होतं ते, तुला कोणी कळू दिलं नाही. मग त्या रविवारी बाबांनी छापखान्याची गाडी मागून आणली. मी मागे बसलो, त्याला धरून. खाणीपर्यंत गेलो. एकतीस किलोमीटर.” त्याने दोन कप भरले, पण उचलून आणले नाहीत. “बाबा उतरले, त्याला खाली उतरवलं, आणि तो लगेच बुटाला झोंबला. त्याला वाटलं असणार, हे निघाले कुठेतरी. डावा बूट ओढून घेतला आणि लांब जाऊन बसला, नेहमी बसायचा तसा. बाबांनी हाक पण मारली नाही. तसेच गाडीत बसले. एका पायात बूट घालून गाडी चालवत घरी आले.”

“आणि तू?”

“मी बारा वर्षांचा होतो गं.”

“ते नाही विचारलं. मागे बघितलंस का?”

“बघितलं,” दादा म्हणाला. “तो आला नाही मागे. बूट तोंडात धरून बसला होता. त्याला वाटत होतं, बूट आपल्याकडे आहे म्हणजे हे जाणार नाहीत.”

खालून कोणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता, क्रिकेटचं समालोचन.

“घरी आलो तर तू दारात,” तो पुढे म्हणाला. “रडून रडून लाल झालेली. मीच उघडं ठेवलं, मीच ठेवलं. आम्ही घाईत तसंच टाकून गेलो होतो ते दार. आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल.”

“कोणी नाही बोललं.”

“तू स्वतःच म्हणालीस, छोटे. आम्ही फक्त नाही म्हटलं नाही.”

“अठ्ठेचाळीस वर्षं नाही म्हटलं नाही.”

“हो.”

तिला राग यायला हवा होता, आणि यायला सुरुवातही झाली होती. पण राग धरायलाही अंगात बळ लागतं, आणि धरायचा तरी कोणावर? बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती, आई जाऊन दोन. उरला होता हा, जास्त साखर घातलेल्या चहासमोर उभा असलेला. तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी, गाडीत मागे बसून वळून बघणारं बारा वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आलं, आणि त्याचंही वाईट वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याची तिची आता तयारी नव्हती.

“का नाही सांगितलंस नंतर तरी? बाबा गेल्यावर?”

“पहिले दोन दिवस सांगणार होतो. बाबांनी डोळ्यांनी गप्प बसवलं. मग शाळा सुरू झाली. मग तू विसरलीस असं वाटलं. मग आई सारखी ते दाराचं बोलायला लागली तेव्हा कळलं, नाही विसरली. तेव्हा सांगायचं तर आईलाही धरावं लागलं असतं. असं करत करत राहून गेलं. घर सुटलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, ते दार तरी गेलं. एवढं करून मालकाने काढलंच आपल्याला.” त्याने शेवटी कप आणून टेबलावर ठेवले. “निवृत्त झाल्यावर बसलो लिहायला. म्हटलं, निदान असं सांगून टाकू.”

“असंसुद्धा नाही सांगितलंस.”

तिने पिशवीतून सात चौकोनांचा कागद काढला आणि त्याच्यासमोर सरकवला. त्याने चष्मा लावून दुसरा चौकोन वाचला, रेघ मारलेला प्रश्न वाचला, आणि मान हलवली.

“लिहून बघितलं होतं मी ते,” तो म्हणाला. “बाप गाडी काढतो, पोरगा मागे बसतो, सगळं. नऊ पानं झाली होती. पण तसं लिहिलं की कुत्रा परतच येईना. कितीदा लिहिलं, तो बसूनच राहतो, बूट घेऊन. मग ती नऊ पानं काढून टाकली. दार नुसतं उघडं ठेवलं. तेव्हा कुठे तो निघाला चालत.”

नवख्या लेखकांची नाना कारणं चाळणीबाईने ऐकली होती, हे त्यातलं नव्हतं.

“हे मला परत करावं लागणार,” ती म्हणाली. “चिठ्ठी लावून. दुसरं कोणी वाचेल. माझं मत कोणी विचारणार नाही.”

“चालेल.”

“पण विचारलं असतं, तर दुसरा चौकोन राहू दे. त्याच्यापेक्षा मोठी गडबड सातव्यात आहे.” तिचा आवाज कामाचा झाला होता, सव्वीस वर्षांच्या सवयीने, आणि तिला त्याचाच आधार वाटत होता. “कुत्रा परत येतो, मुलगी गळ्यात पडते, सगळे हसतात, झालं. पण ती मुलगी सतराव्या पानापासून दारात उभी आहे ना? तिला वाटतंय, माझ्यामुळे गेला. तो परत आल्यावरही तिला तेच वाटत राहणार. तिला कोणीच काही सांगत नाही. तू तिला विसरूनच गेलास.”

“विसरलो नाही.” दादा कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता. “काय सांगायचं तिला, ते सुचलं नाही.”

“किती जागा लागणार आहे? अर्धं पान पुरे.”

“काय लिहू अर्ध्या पानात?”

“लेखक तू आहेस.”

त्याने पेन्सिल उचलली, प्रत पुढे ओढली, शेवटचं पान काढलं. टोक कागदाला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. तिला वाटलं, आता हा टोपण शोधेल चावायला. पण त्याने पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा त्या दोघींच्या ओळीत नीट लावली, आणि चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फार म्हातारा दिसत होता.

“तू नाही केलंस, छोटे,” तो म्हणाला. “ते आम्ही केलं. तू काहीच केलं नव्हतंस.”

चौपन्न वर्षांची बाई, दोन मजले उतरताना दोनदा थांबणारी, कंपनीतले लेखक जिला टरकून असत ती, टेबलावर दोन्ही कोपर टेकून बसली होती आणि चहावर साय धरत होती. ती रडली नाही. फक्त कोणी परीक्षेचा निकाल वाचून दाखवावा आणि आपण नीट ऐकला की नाही याची खात्री नसावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं.